मुंबईच्या दमट हवेतले जुने हाय-फाय स्पीकर: निवड, तपासणी आणि डागडुजी

मुंबईत जुना हाय-फाय स्पीकर विकत घ्यायला निघालेल्या माणसाने कंपनीचे नाव वाचण्याआधी वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाच्या) कोनाभोवतीची, म्हणजे शंकूसारख्या पडद्याभोवतीची, कड बोटाने हलकेच दाबून पाहावी. या कडेला दुरुस्ती करणारे कारागीर 'रिंग' म्हणतात आणि ती बहुधा फोमची, रबराची किंवा कापडाची असते. 1970 च्या दशकापासून असंख्य स्पीकरांत वापरला गेलेला फोम पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनचा असतो आणि त्याच्या रेणूंमधले एस्टर बंध हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत जातात. फोम खातो तो मुख्यतः दमटपणा. वाजवण्याचा वाटा त्यात थोडाच असतो. त्यामुळे 'वीस वर्षे माळ्यावर खोक्यात बंद होते, कोणी हातसुद्धा लावलेला नाही' असे विक्रेता अभिमानाने सांगतो, तेव्हा त्याने आपल्याला फोमबद्दल काहीच सांगितलेले नसते, कारण ते वीस पावसाळे फोमने खोक्यातच काढलेले असतात. फोम बोटाला चिकट लागला किंवा त्याची तपकिरी भुकटी हाताला आली, तर तो संपला असे समजावे. रबराची रिंग पुष्कळ जास्त टिकते, मात्र कालांतराने ताठर होते. लेप दिलेल्या कापडाची रिंग अर्ध्या शतकानंतरही कामाची निघते.

गेली काही वर्षे असे स्पीकर उघडताना आणि पुन्हा बंद करताना माझे एक मत पक्के झाले आहे. जुन्या स्पीकरात खरोखर बिघडतात त्या गोष्टी मोजक्या असतात: फोमची रिंग, क्रॉसओव्हरमधले (म्हणजे खालचे सूर वूफरकडे आणि वरचे सूर ट्विटर या छोट्या भागाकडे पाठवणाऱ्या सर्किटमधले) इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, आवाजाची पातळी कमीजास्त करणारे पॉट आणि पेटीचे हवाबंद सांधे. मॅग्नेट, कोन, व्हॉइस कॉइल (कोनाला जोडलेली, चुंबकाच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी), क्रॉसओव्हरमधल्या तारेच्या कॉइल आणि आतले अस्तर यांना बहुतेक वेळा काहीही झालेले नसते. नेमके त्यांनाच 'सुधारायला' गेलेला माणूस स्पीकर बिघडवतो. पुढे जे सांगितले आहे, ते सारे याच मतावर उभे आहे.

कोणता स्पीकर कोणत्या खोलीसाठी

1991 पूर्वी परदेशी ध्वनियंत्रणा सरळ दुकानातून घेणे सामान्य माणसाला जवळजवळ अशक्य होते. मुंबईत जे परदेशी स्पीकर सापडतात, त्यांतले बरेचसे व्यापारी जहाजांवर नोकरी केलेल्यांच्या, आखातातून परतलेल्यांच्या किंवा परदेशी कचेऱ्यांच्या सामानातून आलेले असतात. त्यांच्या जोडीला फिलिप्स, कॉस्मिक आणि कोलकात्याच्या सोनोडाइनसारखे देशी स्पीकर आहेत. ते स्वस्त मिळतात आणि हात बसवण्यासाठी उत्तम असतात. पहिली रिंग कोणीही महागड्या स्पीकरावर बदलू नये.

नावांच्या मोहात पडण्याआधी त्यांच्यामागची रचना समजून घेतली, तर दुरुस्ती सोपी होते. एडगर व्हिल्चर यांनी हेन्री क्लॉस यांच्यासह 1954 मध्ये अमेरिकेत अकूस्टिक रिसर्च, थोडक्यात एआर, ही कंपनी काढली. त्यांची कल्पना अशी होती की, वूफरची बैठक अगदी सैल ठेवावी आणि त्याला मागे खेचणाऱ्या स्प्रिंगचे काम छोट्या बंद पेटीतल्या हवेकडून करून घ्यावे. त्यामुळे कपाटाएवढ्या पेटीचा खर्ज कपाटाच्या फळीवर मावेल एवढ्या पेटीत आला. या कुळातला 1967 चा एआर-3ए आजही हवाहवासा वाटतो, पण त्यात पेटीतली हवा हाच एक भाग असल्याने, पेटी कुठे जरी फुटकी असली तरी खर्ज ढासळतो. शिवाय एका पेटीचे वजन सुमारे 24 किलो आहे. लिफ्ट नसलेल्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने हा आकडा दोनदा वाचावा.

दुसऱ्या टोकाला बीबीसीच्या अभियंत्यांनी 1970 च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी बनवलेला एलएस3/5ए आहे. जेमतेम पाच लिटर हवेची ही पेटी माणसाचा आवाज असा उभा करते की, दहा बाय बाराच्या खोलीत तिला तोड नाही. रॉजर्स, स्पेंडर, चार्टवेल, हार्बेथ अशा अनेक कंपन्यांनी ती परवान्याखाली बनवली, पण आतले वूफर आणि ट्विटर केईएफ या कंपनीचेच, बी110 आणि टी27 या नावांचे. जुनी आवृत्ती 15 ओहमची आणि 1987 नंतरची 11 ओहमची आहे, तेव्हा दोन वेगळ्या पेट्या जुळवून 'जोडी' म्हणून विकल्या जात नाहीत ना, हे अनुक्रमांक पाहून तपासावे. तिच्या वूफरची रिंग रबराची असल्याने मुंबईत ती फोमवाल्यांपेक्षा सुखी असते.

यामाहाच्या 1974 च्या एनएस-1000एमबद्दल एकच सूचना: त्याच्या मिडरेंज (मधले सूर वाजवणारा भाग) आणि ट्विटरचे घुमट बेरिलियमचे आहेत आणि बेरिलियमची धूळ विषारी असते, म्हणून घुमट फुटलेला किंवा चिरलेला असेल तर त्याला हात लावू नये, तो घासू किंवा कापू नये. क्वाडचा 1957 चा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर हा स्वतंत्र विषय आहे. त्यात हजारो व्होल्टचा दाब असतो, वीज बंद केल्यावरही तो काही काळ साठून राहतो, आणि समुद्रकाठच्या दमट हवेत त्याचे पडदे ठिणग्या टाकू लागतात. तो अनुभवी माणसाकडेच सोपवावा.

बाजारात तपासणी

ग्रँट रोडजवळच्या चोर बाजारात, विशेषतः मटण स्ट्रीटवर, जुने स्पीकर अधूनमधून दिसतात. घरे रिकामी होताना थेट कुटुंबाकडून मिळालेले स्पीकर मात्र बहुधा अधिक चांगल्या अवस्थेत असतात, कारण मधल्या काळात त्यांच्यावर कोणी 'काम' केलेले नसते. जाताना मल्टिमीटर, दीड व्होल्टचा एक साधा सेल, दोन वायरी, टॉर्च आणि पेचकस बरोबर न्यावेत. पेचकस उघडण्यासाठी नव्हे, धाक म्हणून. तो हातात दिसला की विक्रेत्याच्या बोलण्यातली अतिशयोक्ती आपोआप ओसरते.

प्रथम जाळी काढायला सांगावी. ती काढायला नकार मिळाला, तर तिथेच नमस्कार करून निघावे. जाळीखाली स्क्रूंची डोकी पाहावीत: ती चेपलेली, खरवडलेली असतील तर पेटी आधी उघडली गेली आहे. दोन्ही पेट्यांतले वूफर एकाच ठशाचे आहेत का, एकाच्या कोनाचा रंग किंवा मधल्या टोपीचा आकार वेगळा आहे का, हे टॉर्चच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवून पाहावे. मग दोन्ही हातांचे अंगठे आणि बोटे कोनावर समान अंतराने टेकवून कोन अगदी हलकेच सरळ आत दाबावा. आत खरखर जाणवली तर व्हॉइस कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे. ती जागेवरून सरकलेली असेल, जळून फुगलेली असेल किंवा गंजाचे कण आत गेले असतील. तिन्ही वेळा किंमत निम्म्यावर आणावी.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून मागच्या टर्मिनलवर लावल्यास 8 ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो आणि 4 ओहमचा तीन-साडेतीन, कारण मीटर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा, रोध मोजतो आणि पेटीवर लिहिलेला आकडा एसीसाठीचा, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेसाठीचा, असतो. या मापाने वूफर जिवंत आहे एवढेच कळते. ट्विटरच्या वाटेत कंडेन्सर असल्याने तो डीसी अडवतो आणि मीटरला ट्विटर दिसतच नाही, म्हणून ट्विटरसाठी कानच लावावा लागतो. दुकानात स्पीकर वाजवून दाखवताना लाउडनेसचे बटण दाबलेले आणि खर्ज पूर्ण चढवलेला असतो; ते सरळ करायला सांगावे, मग वूफरवर जाड पुठ्ठा धरून ट्विटरजवळ कान न्यावा आणि हेच दुसऱ्या पेटीवर करावे. आपल्या पाठ असलेल्या ध्वनिमुद्रणाचा एक तुकडा फोनमध्ये न्यावा. तानपुऱ्याची जवारी ट्विटरची परीक्षा घेते आणि तबल्याच्या बायावरची घसीट वूफरची.

टॅक्सीतून नेताना दोन्ही पेट्यांची तोंडे एकमेकींकडे ठेवून मध्ये पुठ्ठा घालावा. आडव्या पडलेल्या वूफरचे जड मॅग्नेट खड्ड्यांच्या रस्त्यावर नको तितके हिसके खाते, म्हणून पेटी शक्यतो उभीच ठेवावी.

घरी आल्यावर: एका वेळी एकच पेटी

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या उत्साहात मी एकाच रविवारी दोन्ही पेट्या उघडल्या, दोन्हींतले सगळे कंडेन्सर बदलले आणि रात्री वाजवून पाहिले तर आवाज मधूनच पोकळ येत होता. कुठली पेटी बरोबर आणि कुठली चूक, हे ठरवायला माझ्याकडे मूळ आवाज उरलाच नव्हता. एका ट्विटरच्या वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या, हे सापडायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून एक पेटी पूर्ण होऊन ऐकून होईपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही, हा नियम मी पाळतो. उघडण्यापूर्वी प्रत्येक जोडाचा फोटो काढावा आणि प्रत्येक वायरीवर कागदी पट्टी चिकटवून तिचे ठिकाण लिहावे. जुन्या वायरींचे रंग फिके पडून लाल आणि तपकिरी एकसारखे दिसतात, त्यामुळे स्मरणशक्तीवर विसंबू नये.

वायरींची दिशा तपासण्यासाठी दीड व्होल्टच्या सेलचा धन टोक लाल टर्मिनलला आणि ऋण टोक काळ्याला क्षणभर टेकवावा. वूफरचा कोन बाहेर उसळला तर जोडणी बरोबर आहे. जेबीएलच्या जुन्या स्पीकरांत मात्र हे मुळातच उलटे असते, कोन आत जातो, आणि ते माहीत नसल्याने अनेकांनी ठीक असलेल्या वायरी उलटवून ठेवलेल्या आहेत. ही चाचणी वूफरपुरतीच ठेवावी. ट्विटरला सेल थेट लावू नये.

पेटीची हवाबंदता तपासणे याहून सोपे आहे. बंद पेटीच्या स्पीकरात वूफर हलकेच आत दाबून सोडला की तो सावकाश, जणू आळस देत परत यायला हवा. झटकन परत आला तर हवा कुठून तरी निसटते आहे. सेलेस्टिअन डिटन 15 सारख्या स्पीकरात वूफरखाली एक बिनचुंबकाचा, केवळ हवेने हलणारा दुसरा कोन असतो. त्यात वूफर दाबला की खालचा कोन बाहेर यायला हवा आणि दाबलेले असेपर्यंत तिथेच टिकायला हवा. गळती बहुधा वूफरखालच्या वाळलेल्या गॅस्केटमधून (फट बुजवणाऱ्या पट्टीतून), टर्मिनलच्या पट्टीमागून किंवा मधल्या टोपीच्या सुटलेल्या कडेतून होते.

रिंग बदलणे

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत करावे. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतली सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते, पाण्यात मिसळलेला गोंद वेळेत सुकत नाही आणि कागदी कोन ओलावा पिऊन किंचित मऊ झालेला असतो.

नवी रिंग मागवताना 'दहा इंची' एवढेच सांगून भागत नाही. कोनाचा बाहेरचा व्यास, चौकटीवरच्या बैठकीचा आतला आणि बाहेरचा व्यास आणि मधल्या अर्धगोल वळीची रुंदी ही मापे मिलिमीटरमध्ये घ्यावीत आणि शक्यतो त्या मॉडेलसाठीच बनवलेली रिंग घ्यावी. जाड, ताठर रिंग बसवली की वूफरची नैसर्गिक कंपनसंख्या वर सरकते आणि खर्ज उथळ होतो. कारागिराकडे दिलेला वूफर 'जास्त मजबूत' होऊन परत येतो तो असा. माझ्या एका वूफरला एका दुकानात न विचारता नवा कोनच बसवून दिला होता. तो मूळ कोनापेक्षा जाड होता आणि त्यानंतर त्या पेटीत गाणाऱ्याला कायमचे पडसे झाले. कोन फाटलेला नसेल, तर तो बदलू देऊ नये, हे काम देतानाच लिहून द्यावे.

वूफर काढून टेबलावर मऊ कापडावर ठेवावा. जुना फोम आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापसाने मऊ करून बोथट पात्याने थोडा थोडा सोडवावा. चौकटीवरचा गोंद निर्धास्तपणे खरवडता येतो, पण कोनाच्या काठावर घाई केली की कागदाचा पापुद्रा सुटतो. प्लॅस्टिकच्या, बेक्स्ट्रीन या जुन्या प्लॅस्टिकच्यासुद्धा, कोनावर ॲसिटोन अजिबात लावू नये. या साफसफाईला एका वूफरमागे दीड-दोन तास लागतात आणि सगळ्या कामातला कंटाळवाणा भाग हाच असल्याने बहुतेकांची चूकही इथेच होते: जुन्या गोंदाचा थर राहतो, नवी रिंग वाकडी बसते. या सगळ्या वेळात लोखंडी कीस किंवा स्क्रू आसपास ठेवू नयेत, कारण चुंबकाच्या फटीत शिरलेला कण बाहेर काढणे जवळजवळ अशक्य असते.

यानंतर व्हॉइस कॉइल मधोमध धरून ठेवण्याचा प्रश्न येतो. खात्रीचा मार्ग असा की, मधली टोपी धारदार ब्लेडने काठाशी काळजीपूर्वक कापून काढावी आणि कॉइलच्या आतल्या खांबाभोवती तीन-चार ठिकाणी पातळ पट्ट्या खोचाव्यात. जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या यासाठी उत्तम, आणि प्रत्येक मराठी घरातल्या कपाटात त्या कुठल्या ना कुठल्या लिफाफ्यात पडलेल्या असतातच. टोपी कापायची नसेल, तर दुसरा मार्ग आहे: गोंद ओला असताना अँप्लिफायरमधून 25-30 हर्ट्झचा मंद सूर सोडावा आणि कोन हलताना खरखर थांबेपर्यंत रिंग किंचित सरकवत राहावे. मॉडेल दुर्मीळ असेल आणि मूळ टोपी पुन्हा मिळणार नसेल, तर मी हा दुसरा मार्ग पसंत करतो.

कागदी कोनासाठी पाण्यात मिसळणारा पांढरा गोंद योग्य, कारण तो बसायला काही मिनिटे देतो आणि तेवढ्या वेळात रिंग सरकवता येते. चामडे आणि रबर चिकटवणारा पिवळा गोंद पहिल्या स्पर्शातच पकडतो, मग चुकीला वाव राहत नाही. रबराच्या रिंगेला आणि पॉलिप्रॉपिलीनच्या कोनाला मात्र पांढरा गोंद धरत नाही. तिथे रिंग विकणाऱ्याने त्या जातीच्या कोनासाठी सांगितलेलाच गोंद वापरावा. पहिल्या दिवशी रिंग फक्त कोनाला चिकटवावी, बोटाने कडेकडेने दाबत पूर्ण फेरी मारावी आणि रात्रभर तसेच ठेवावे. दुसऱ्या दिवशी पट्ट्या खोचून रिंगेची बाहेरची कड चौकटीला लावावी आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चारी बाजूंनी धरून ठेवावी. चोवीस तासांनी पट्ट्या काढून कोन हळूच दाबावा. आवाज शून्य असेल तरच टोपी पुन्हा चिकटवावी. किंचितही खरखर आली तर त्याच दिवशी अल्कोहोलने कड सोडवून पुन्हा बसवावी. 'वाजवून वाजवून सैल होईल' ही समजूत कॉइलच्या जिवावर बेतते.

कंडेन्सर आणि पॉट

क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर दोन प्रकारे म्हातारे होतात: त्यांचे मूल्य सरकते आणि आतला रोध वाढतो. रोध वाढला की ट्विटरपर्यंत पोचणारा आवाज दबतो, सगळे कापडाआडून आल्यासारखे वाटते, आणि हे इतके हळूहळू घडते की मालकाला ते कळतच नाही. कंडेन्सरचे एक टोक सर्किटमधून सोडवून एलसीआर मीटरवर दोन्ही गोष्टी मोजाव्यात. मूल्य छापील आकड्याच्या दहा टक्क्यांच्या आत आणि रोध अर्ध्या ओहमच्या आसपास असेल तर त्याला राहू द्यावे. पेटीत पॉलिएस्टर किंवा अन्य फिल्मचे कंडेन्सर असतील तर ते क्वचितच बिघडतात, केवळ जुने दिसतात म्हणून ते काढू नयेत.

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, कंडेन्सर घेताना 'बायपोलर' किंवा 'नॉन-पोलर' असे स्पष्ट सांगावे. साधे, ऋण टोकाची पट्टी असलेले कंडेन्सर एसीवर चालत नाहीत. हवे ते मूल्य मिळाले नाही, तर दोन कंडेन्सर समांतर जोडल्यास मूल्यांची बेरीज होते: 4.7 आणि 2.2 मिळून 6.9, आणि 6.8 च्या जागी ते खुशाल चालते. इलेक्ट्रोलिटिकच्या जागी फिल्मचा कंडेन्सर बसवायचा असेल, तर एक बारकावा ध्यानात ठेवावा. जुन्या इलेक्ट्रोलिटिकचा थोडासा रोध मूळ अभियंत्याने हिशेबात धरलेला असू शकतो आणि फिल्ममध्ये तो जवळजवळ नसतो, त्यामुळे आवाज जरा टोकदार होतो. अशा वेळी 0.22 ते 0.47 ओहमचा एक रोधक मालिकेत जोडला की तोल परत येतो. क्रॉसओव्हरमधल्या कॉइलला मात्र हात लावू नये. लोखंडी गाभ्याच्या जागी 'भारी' म्हणून हवेच्या गाभ्याची कॉइल घातली, की तिचा रोध बदलतो आणि वूफर-ट्विटरचे नाते बिघडते.

एआरच्या जुन्या स्पीकरांमागे आवाजाची पातळी ठरवणारे तारेचे पॉट असतात आणि त्यांचा गंज हा त्या स्पीकरांचा प्रसिद्ध रोग आहे. ट्विटर मेला म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेट्यांत केवळ पॉट गंजलेला असतो. तो उघडून, आतली तार आणि सरकणारा स्पर्शबिंदू बारीक ब्रशने आणि काँटॅक्ट क्लीनरने स्वच्छ केला की पंधरा मिनिटांत ट्विटर बोलू लागतो. 'मेलेला' स्पीकर स्वस्तात घेण्याची ही एकमेव जागा मला माहीत आहे.

पेटी

पेटी उघडली असताना आतले अस्तर होते तितकेच आणि होते तिथेच परत ठेवावे. एआरसारख्या पेट्यांत काचतंतूची लोकर असते, ती हाताळताना मास्क आणि हातमोजे घालावेत. तिच्या जागी उशीतला कापूस भरणे म्हणजे पेटीतल्या हवेची स्प्रिंगच बदलणे. स्क्रूची भोके सैल झाली असतील तर गोंदात बुडवलेल्या माचिसच्या काड्या आत ठोकाव्यात आणि सुकल्यावर स्क्रू फिरवावा. वूफर पुन्हा बसवताना खाली पातळ फोमची चिकटपट्टी लावावी आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जावे. एकच बाजू आधी घट्ट केली तर चौकट वाकते.

बऱ्याच पेट्या पार्टिकल बोर्डाच्या असतात आणि त्यांच्यावर साग किंवा अक्रोडाचा पापुद्रा, म्हणजे व्हिनीर, चिकटवलेला असतो. तळाशी पाणी लागून फुगलेला बोर्ड पूर्ववत होत नाही. पातळ केलेला पांढरा गोंद सुईने आत सोडून दोन फळ्यांमध्ये क्लॅम्पने दाबून ठेवला, तर त्याची पसरण थांबते, एवढेच. व्हिनीरला आलेला फुगा मात्र नीट बसतो: ब्लेडने रेषांच्या दिशेने चीर द्यावी, गोंद आत सारावा, तो थोडा सुकल्यावर वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री दाबावी आणि जड पुस्तके ठेवून द्यावीत. व्हिनीर एक मिलिमीटरहूनही पातळ असते, म्हणून पॉलिशकाम करणाऱ्याला घासण्याचे यंत्र लावू देऊ नये. 'मेलॅमाइन मारून आरशासारखी करतो' हा त्याचा आग्रहही नम्रपणे मोडून काढावा, कारण त्या काळातल्या अनेक पेट्यांना केवळ तेलाचे पाणी दिलेले असते आणि तोच त्यांचा खरा रंग. उकळलेले जवसाचे तेल मऊ फडक्याने पातळ चोळून अर्ध्या तासाने पुसून घ्यावे. ते फडके बोळा करून कचऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि चुरगळलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून ते पाण्यात भिजवून किंवा मोकळे पसरून सुकवावे.

जाळीचे कापड बदलायचे असेल तर ते तोंडासमोर धरून फुंकर घालावी; वारा अडखळला तर आवाजही अडखळेल. जेबीएलच्या एल100 वरची चौकड्यांची फोमची जाळी हात लावताच पिठासारखी गळते. ती नवीच घ्यावी लागते.

वाजवणे आणि पावसाळा

स्पीकर तयार झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस मध्यम आवाजात वाजवावेत, म्हणजे नवी रिंग सैलावते. अँप्लिफायरच्या बाबतीत उलटी भीती अनेकांच्या मनात असते. लहान अँप्लिफायर ताणून वाजवला तर त्याचा सूर माथ्यावर कापला जातो, त्यातून उच्च कंपनसंख्यांचा मारा निर्माण होतो आणि ट्विटर जळतो. पुरेशा ताकदीचा अँप्लिफायर संयमाने वापरणे अधिक सुरक्षित. एआर-3ए 4 ओहमचा आहे, त्यामुळे 8 ओहमसाठीच बनवलेल्या जुन्या रिसीव्हरला तो जोडू नये. वायरींवर खर्च करण्याची गरज नाही: घरातल्या वायरिंगची 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाच मीटरपर्यंत नेली, तरी जाण्या-येण्याचा मिळून रोध 0.12 ओहमच्या आसपास भरतो.

मुंबईच्या खोल्यांत लादी, काच आणि उघड्या भिंती यांमुळे आवाज घुमतो. मागच्या भिंतीवर एखादी जुनी गोधडी टांगली, तर तिचा उपयोग हजारो रुपयांच्या उपकरणापेक्षा जास्त होतो. एआर भिंतीला किंवा फळीला लागून चालतो, तो त्याचसाठी बनवलेला आहे. एलएस3/5ए मात्र साठेक सेंटिमीटरच्या स्टँडवर, ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाशी येईल असा आणि भिंतीपासून हातभर पुढे ठेवावा.

पावसाळ्यात पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, मागे चार बोटे हवा खेळू द्यावी आणि जमिनीवर ठेवायची असेल तर खाली लाकडी ठोकळे द्यावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवण्याची आपली सवय इथे घातक आहे, कारण आत अडकलेला दमटपणा फोम आणि जाळीच्या कापडाला बुरशी आणतो. आठवड्यातून दोनदा तासभर वाजवावे, वाळवीसाठी पेटीचा तळ महिन्यातून एकदा टॉर्चने पाहावा आणि सप्टेंबर सरल्यावर रिंग पुन्हा एकदा बोटाने दाबून पाहावी. शेवटचा स्क्रू लावण्यापूर्वी पेटीच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने तारीख, बदललेल्या कंडेन्सरांची मूल्ये आणि रिंगेचे माप लिहून ठेवावे, आणि काढलेले मूळ भाग पाकिटात घालून त्याच जोडीसोबत ठेवावेत.